पाठीला कळू नये

४ ऑगस्ट

निर्मात्याने सिनेमाची सुरुवात बघितली आणि तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. हसण्यावर काय देणार? "मॅडम, खोली छान आहे, म्हातारी छान आहे, मागून येणारा तो उंच माणूसही बरा आहे. भीती तेवढी कुठं दिसत नाही." वितरक म्हणे पहिली चार मिनिटं बघतो आणि पुढचं सगळं त्यावरच ठरवतो. सुरुवात पुन्हा करा, नाहीतर पिक्चर कपाटात.

चाळिशी उलटेपर्यंत साबणाच्या जाहिराती केल्या. फेस कुठल्या बाजूने मऊ दिसतो हे माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. हा सिनेमा कपाटात गेला तर मरेपर्यंत फेसच.

५ ऑगस्ट

दिवसभर नटीला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही कळतं. पण आज आवाज बंद करून तोच शॉट पुन्हा पुन्हा लावला आणि अंगण खरंच वाकडं आहे हे सापडलं.

शॉट असा आहे. म्हातारी खुर्चीत बसून कोट रफू करतेय. कॅमेरा समोर, गुडघ्याच्या उंचीवर, कारण त्या उंचीवरून साधं घरसुद्धा परकं वाटतं. म्हातारी फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात आणि डावीकडची सगळी जागा रिकामी. रिकाम्या जागेत माणसाची नजर आपोआप जाते, तिथे कुणीतरी येणार म्हणून ती वाट बघते. तिथे मागे उघडं दार. दारात कुणीतरी उभं राहतं. प्रेक्षकाला दिसतं, म्हातारीला नाही. तो पावला-पावलाने पुढे येतो. मध्ये कट नाही, कारण कट केला की प्रेक्षक श्वास सोडतो. फोकस सुईवर, मागचा धूसर. संगीत नाही. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं बरोबर.

चुकलंय एकच. नटीला माहीत आहे की मागे कोण आहे. चेहरा तिने छान कोरा ठेवलाय, पण मान ताठ, खांदा एका बाजूने वर. चेहऱ्याला खोटं बोलायला शिकवता येतं, पाठीला नाही. पाठीला कळतं.

७ ऑगस्ट

काखेत कळसा!

दुपारी घरी आले. आई खिडकीशी बसून कुणाच्यातरी पँटचा गुडघा रफू करत होती. जन्मभर तिने हेच केलं. तिचं रफू उलटं करून बघितलं तरी सापडत नाही. मी दारात उभी राहिले. तिने वर बघितलं नाही. मी डाव्या बाजूने चार पावलं आत गेले. तरी नाही. अगदी तिच्या खांद्याशी गेले. ती सुईत दोरा ओवत होती, पहिल्या झटक्यात ओवलाही, आणि तिच्या पाठीला काहीही कळलं नाही. ती पाठ म्हणजे नुसती पाठ होती. माझ्याच अंगावर काटा आला.

मग मी खोकले. ती एवढी दचकली की सुई बोटात गेली. "मेले असते ना ग, ठमे! चोरासारखी काय येतेस?" बोट तोंडात धरून नंतर आपणच हसत सुटली. म्हणाली, हल्ली असंच होतंय, बाजूचं काही दिसतच नाही, काल दाराच्या चौकटीवर आपटले. दंडावर हे एवढं निळं.

मला खूप दिवसांनी झोप चांगली लागेल.

११ ऑगस्ट

आईला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब फार वाढलाय. बाजूची नजर गेली, मधली शाबूत आहे. म्हणून सुई दिसते आणि चौकट दिसत नाही. रोज थेंब घालायचे आणि लवकरात लवकर ऑपरेशन. "गेलेली नजर परत येत नाही. जी आहे ती राखायची," असं बाईंनी दोनदा बजावलं.

मी विचारलं, नक्की कुठून कुठपर्यंत दिसत नाही? त्यांनी तपासणीचा कागद दाखवला. दोन गोल, त्यात काळे डाग, मध्ये पांढरी जागा. मी म्हटलं, मला याची प्रत मिळेल का? बाई आईला म्हणाल्या, "नशीबवान आहात. इतक्या बारकाईने विचारणारी मुलं कुठं बघायला मिळतात हल्ली?" आई लाजली.

प्रत संध्याकाळी कॅमेरामनला दिली. त्याने ती टेबलावर पसरली आणि लगेच कामाला लागला. उजवीकडचा डाग जास्त मोठा आहे. आईची उजवी म्हणजे फ्रेमची डावी, तर दार डावीकडेच ठेवायचं.

१४ ऑगस्ट

आई शॉटमध्ये बसायला तयार झाली. "मला काय येतंय नाटक? शाळेत झाड झाले होते, तर झाडसुद्धा शिंकलं."

"काही करायचं नाहीये. खुर्चीत बसायचं आणि रफू करायचं."

"आणि लोक पैसे देऊन ते बघणार? दुनिया फारच रिकामटेकडी झाली म्हणायची."

मग तिने विचारलं, "तुझं काम अडलंय का ग?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग बसते की. बसायला काय लागतं."

मागून कोण येणार हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं की पाठ शहाणी होईल. सिनेमाचं नावही निराळं सांगितलंय. घरगुती गोष्ट आहे म्हटलं.

२० ऑगस्ट

शूटिंगचा पहिला दिवस. जमिनीवर लाल चिकटपट्टीच्या तीन खुणा केल्या. पहिली दारात, दुसरी गालिच्याच्या कडेला, तिसरी खुर्चीच्या मागे. मागून येणारा नट सहा फुटांच्या वर, काडीसारखा, सगळे त्याला उंट म्हणतात. त्याच्या पायांत मोजे घातले, आवाज होऊ नये म्हणून. आईशी त्याची ओळख 'दिव्यांवाला' म्हणून करून दिली.

उंट पहिल्या खुणेवर. आई सुई ओवतेय. उंट पुढे. कॅमेराही ट्रॉलीवरून त्याच चालीने पुढे, इतका सावकाश की चालतोय हे कळू नये, फक्त खोली आखडल्यासारखी वाटावी. सेटवर कुणी श्वास घेत नव्हतं. नाकात हसणारा निर्माता आला होता, त्याने माझा दंड धरला. उंट दुसऱ्या खुणेवर पोचला आणि आईने मान वळवली. "काय रे, काही हवंय का?"

शॉट तिथे संपला, पण तेवढासुद्धा सोनं होता. ठरलं, तूर्त दुसऱ्या खुणेच्या अलीकडेच थांबायचं.

चहाच्या वेळी आईने उंटाच्या स्वेटरचं फाटलेलं कोपर पकडलं. "काढ तो. दिव्यांच्या कामात गुंतशील कुठंतरी." पाच मिनिटांत रफू करून दिला. उंट रफू शोधत बसला, सापडेना त्याला.

२१ ऑगस्ट

भलताच घोळ. कंटिन्युइटी बघणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, काल यांचे डोळे पांढरे होते, आज लाल आहेत." थेंबांमुळे. क्लोज-अपमध्ये तर भाजल्यासारखे दिसतात. आणि सगळी सुरुवात एकाच संध्याकाळची! एका सुईच्या टोकाएवढ्या वेळात म्हातारीचे डोळे पांढऱ्याचे लाल कसे होतील? प्रेक्षकाचं भान एकदा सुटलं की भीती गेली.

आईला म्हटलं, शूटिंग होईपर्यंत थेंब बंद ठेव.

"चालेल का पण?"

"चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"बाई म्हणाल्या होत्या ना, चुकवायचे नाहीत."

"बाईंना सिनेमा करायचा नाहीये."

ती हसली. बाटली तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवून दिली.

२ सप्टेंबर

वितरकाने बघितलं. निर्माता फोनवर ओरडत होता, आनंदाने. वितरक खुर्चीत मागे सरकला म्हणे! त्याला सुरुवात आणखी मोठी हवीय आणि शेवटही त्याच खोलीत, त्याच म्हातारीवर हवा. माझ्या आयुष्यात कुणी 'आणखी' म्हटलेलं नव्हतं. साबणवाले नेहमी 'कमी करा' म्हणायचे. मी रडले. आईने डोक्यावरून हात फिरवला, आणि एक बोट माझ्या डोळ्यात घातलं. धांदरट आहे.

ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात होती. डोळ्याला पट्टी बांधली, सूज आली, तर महिनाभर कॅमेरा लावता येणार नाही. दवाखान्यात कळवलं की आईला सर्दी-ताप आहे, तारीख पुढे ढकला. आईला शब्द दिला, शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी नेते. थेंबही सध्या बंदच. पुढचं शूटिंग कधी लागेल सांगता येत नाही. आज घातले आणि उद्या बोलावलं तर काय करायचं?

२६ सप्टेंबर

आज उंट दुसरी खूण ओलांडून गेला. आईने मान वळवली नाही. कॅमेरामनला मी म्हटलं, बघ, ती आता सरावली. नवखा माणूस कॅमेऱ्यासमोर आधी भेदरतो, मग स्थिरावतो. ट्रॉलीचे रूळ वाढवून घेतले. आता उंट फ्रेममध्ये जास्त वेळ राहतो, आणि प्रेक्षकाला आधी त्याचं धड दिसतं, मग हात, चेहरा कधीच नाही. चेहरा दाखवला की माणूस होतो.

१९ ऑक्टोबर

निर्मात्याने दिवे बदलायला वेळ लावला, मध्ये तीन आठवडे नुसते गेले. आई घरातच होती. दूध उतू घालवलं, भांडं जाळलं, माझा जिन्यावरचा फोटो पाडला. मी वैतागून बोलले. ती म्हणाली, "वय झालं, दुसरं काय."

काल तिने दुकानातून आलेला एक कोट परत पाठवला. "नको, फार बारीक काम आहे." आजवर तिने काम परत पाठवल्याचं मला आठवत नाही. सिनेमाची हवा डोक्यात गेली असेल. नट्यांचं असंच होतं.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

आईला दोरा ओवता येईना. टोक ओलं केलं, चिमटीत धरलं, नेलं, चुकलं. पुन्हा नेलं. चुकलं. उंट दारातून निघाला होता. मी कॅमेरामनला खुणेने सांगितलं, थांबू नको. दोरा सुईच्या बाजूने जात होता, वरून जात होता, एकदा तर तिने बोटांच्या फटीतच ओवला. उंट गालिच्यावर आला. ती डोळे बारीक करून, मान वाकडी करून, हट्टाने पुन्हा. उंट तिसऱ्या खुणेवर आला, खुर्चीला टेकला, त्याने तिच्या खांद्यावर हात नेला, एका बोटाचं अंतर ठेवून. ती ओवतच होती. तिच्या ओठांवर घाम आला होता.

मी दहा वर्षं घासली असती तरी असला अभिनय मला लिहिता आला नसता! सुई ओवली जाईपर्यंत प्रेक्षक उठू शकणार नाही. जोवर दोरा बाहेर तोवर भीती आत.

कट म्हटल्यावर ती म्हणाली, "दोरा बदललास का ग? हा जाड आहे." मी म्हटलं, तोच आहे. "मग दिवा कमी केला असेल." दिवा तोच होता. तिने सुई कोटाला टोचून ठेवली आणि खुर्चीचे हात चाचपत उठली.

९ नोव्हेंबर

उंट सकाळी माझ्या खोलीत आला. दारात वाकून उभा. "मॅडम, पहिल्या दिवशी मी गालिच्यापाशी आलो की मावशींना कळायचं. काल मी त्यांच्या श्वासाइतका जवळ होतो. समोरून गेलो तरी त्या बघत नाहीत. त्यांना डॉक्टरकडे न्या ना."

"डॉक्टर चालू आहेत," मी म्हटलं.

"मग खुणा मागे घेऊ या."

मला हसू आलं. इतकी जवळ आलेली खूण कोण मागे घेतं? तो गेला नाही, स्वेटरची बाही ओढत उभा राहिला. दुसरं कोपरही आईने रफू करून दिलंय वाटतं. तिथे दोऱ्यांचा गोळा झालाय, सगळं कापड चुण्या पडून ओढलं गेलंय. मी म्हटलं, शूटिंगला हाच घाल, छान ओबडधोबड दिसतो. तो दारातून वाकून निघून गेला. नट लोक हळवे असतात, तिथेच मार खातात.

१२ डिसेंबर

शूटिंग संपलं. मी दिलेला शब्द पाळणारी आहे, म्हणून दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, मग पुन्हा तपासले. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "थेंब घालत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही हो. विसरायचे मी. मुलगी रोज ओरडायची, पण म्हातारपणी कुठं लक्षात राहतं?"

बाई आईवर संतापल्या. तुमच्यासारख्या पेशंटना काय म्हणायचं, लेकीने जिवाचं रान केलं आणि तुम्ही साधे थेंब घातले नाहीत, आता उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड तेवढा कळतोय, ऑपरेशन केलं तर तो उजेड राहील, एवढंच. आई मान खाली घालून ऐकत होती, "चुकलं हो," म्हणत होती. मी काय करायचं होतं? मध्ये पडले असते तर तीच खोटी पडली असती, आणि तिला ते आवडलं नसतं.

जिना उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला. मी पायऱ्या मोजून सांगत गेले. तेव्हा मी एक गोष्ट मात्र ओळखली. पाठ इतकी कोरी, चेहरा इतका निरागस, आणि असं सराईत खोटं! शाळेत झाड कुणी केलं होतं हिला?

२३ जानेवारी

पहिला खेळ. थिएटर भरलेलं. आई माझ्या शेजारी, नवी साडी, गडद चष्मा. "सुरू झालं का?" तिने विचारलं. झालं होतं.

दार. उंट. सुई. दोरा पहिल्यांदा चुकला तेव्हा मागची एक बाई "अगं!" म्हणाली. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा सगळं थिएटर दोरा ओवत होतं. उंट खुर्चीला टेकला तसे लोक किंचाळायला लागले. "मागे बघ! मागे बघ!" माणसं पडद्यावरच्या माझ्या आईला ओरडून सांगत होती, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आईने दचकून मागे वळून बघितलं.

"काय झालं ग? लोक का ओरडतात?"

"तू दोरा ओवतेयस," मी म्हटलं.

"त्यात ओरडायचं काय?"

बाहेर लोकांनी मला घेरलं. उंट त्याच स्वेटरमध्ये आला आणि आईसमोर जाऊन गुडघ्यावर बसला. तेवढं वाकल्याशिवाय तो तिच्या उंचीला येतच नाही. "मावशी, मी दिव्यांवाला नव्हतो. तुमच्यामागे रोज मीच असायचो. मला माफ करा."

आईने हाताने त्याचं तोंड चाचपलं. "तू होय? मग हाक मारायची ना रे. एवढा जवळ यायचास, तर चहा तरी घेतला असता दोघांनी." मग तिचा हात त्याच्या कोपरावरच्या त्या गोळ्यावर गेला आणि तिथेच थांबला. "हे मी केलंय?" तिने विचारलं. उंट रडायला लागला. लोक फोटो काढत होते. प्रसिद्धीला फार उपयोगी पडेल.

गाडीत आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "रोज तो माझ्यामागे असायचा?"

"हो."

"आणि तू?"

"मी कॅमेऱ्यापाशी."

"म्हणजे समोर."

"समोरच. कॅमेरा समोर असतो."

"मी ओवत होते तेव्हा तू समोरून बघत होतीस," ती म्हणाली. अर्थातच. चार महिने सेटवर काढून तिला अजून एवढं साधं तंत्र कळलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

सिनेमा सगळीकडे हाऊसफुल्ल चालतोय. निर्मात्याने दुसरा भाग जाहीर केला. त्याची सुरुवात आईवरच हवी म्हणतो: तीच खुर्ची, तीच सुई, पण आता म्हातारी आंधळी. कॅमेरा आणखी खाली, मागे एकाऐवजी तिघं. कल्पना वाईट नाही. मला तर आजपासूनच फ्रेम दिसायला लागली.

उंटाने काम नाकारलं. उंट खूप मिळतात.

२० फेब्रुवारी

दुपारी घरी आले. चपला बाहेरच काढल्या, दार आधीच उघडं होतं. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर एक जुनं फडकं घेऊन. कुणी काम देत नाही आता, आपलीच फडकी रफू करत बसते. मला फ्रेमची डावी बाजू बघून ठेवायची होती, दुसऱ्या भागासाठी. दारात उभी राहिले. श्वाससुद्धा धरला.

"ये ना आत," ती म्हणाली. "अशी दारात काय उभी राहतेस?"

मी पहिल्या खुणेच्या पुढे एक पाऊलही टाकलं नव्हतं.

"कसं कळलं तुला?"

"पाठीला कळतं हल्ली." तिने मान वळवली नाही. वळवून उपयोगही नव्हता. "ठमे, तो माणूस मागून यायचा, त्याची नाही ग भीती वाटत मला. बिचारा मोजे घालून यायचा. तू अशी बघत उभी राहिलीस ना, की वाटते. बस तरी, नाहीतर जा."

मी बसले. तिने सुई-दोरा माझ्यासमोर धरला, माझ्यापासून थोडा बाजूला, हवेत. "एवढं ओवून दे."

मला दोन-तीनदा ओवता आलं नाही. दोरा जाड असेल, आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेवटी ओवून तिच्या हातात दिलं. तिने गाठ मारली आणि कामाला लागली.

बाहेर येऊन निर्मात्याला फोन केला. म्हटलं, दुसऱ्या भागाला दुसरी बाई शोधा, आई चालणार नाही. त्याने विचारलं, का, काय झालं? मी म्हटलं, तिला आता कळतं.